सैतानाचा वकील आणि वैद्याची चिठ्ठी

ख्रिस्तसभेच्या इतिहासात एक अधिकारपद असे होते की, त्याचे प्रचलित नाव ऐकून नवख्या माणसाने दचकावे. अधिकृत कागदपत्रांत त्याला 'श्रद्धेचा प्रवर्तक' म्हणत. लोक मात्र त्याला 'सैतानाचा वकील' म्हणूनच ओळखत. पोप सिक्स्टस पाचवे यांच्या कारकिर्दीत, १५८७ साली, हे पद रीतसर निर्माण झाले. एखाद्या पुण्यात्म्याला संतपद द्यावे असा प्रस्ताव आला की, त्याच्या विरोधात जेवढे म्हणता येईल तेवढे शोधून मांडायचे, साक्षीदारांची उलटतपासणी करायची, चमत्कार म्हणून सांगितलेल्या घटनेमागे साधे नैसर्गिक कारण तर नाही ना याचा छडा लावायचा, हे त्याचे काम. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली संतपदाच्या प्रक्रियेत बदल केले तेव्हा या वकिलाचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. पण सुमारे चारशे वर्षे ख्रिस्तसभेने स्वतःच्याच अंगणात शंकेखोर माणसाला मानाची खुर्ची दिली होती, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

या खुर्चीवर सुमारे वीस वर्षे बसलेले प्रॉस्पेरो लॅम्बर्तिनी पुढे १७४० साली पोप बेनेडिक्ट चौदावे झाले. त्यापूर्वी, १७३४ ते १७३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात, रोगमुक्तीचा चमत्कार केव्हा मानावा याचे निकष त्यांनी घालून दिले. आजार गंभीर असावा. तो आपोआप ओसरण्याच्या बेतात नसावा. औषधोपचाराने गुण आला असे म्हणण्यास जागा नसावी. बरे होणे तत्क्षणी आणि संपूर्ण असावे. आणि दुखणे पुन्हा उलटू नये. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय नोंदणी कार्यालय आहे. तेथील तपासणीत कोणत्याही धर्माचा वा धर्म न मानणारा डॉक्टरही सहभागी होऊ शकतो. बरे झाल्याचे दावे हजारोंनी नोंदले गेले; त्यांतून बिशपांनी चमत्कार म्हणून जाहीर केलेल्या घटना सत्तरच्या आसपासच आहेत.

लॅम्बर्तिनींचा दुसरा निकष वाचकांनी जरा थांबून वाचावा. 'हा रोगी एरवीही बरा झाला नसता काय?' चमत्काराच्या बाबतीत ख्रिस्तसभेने हा प्रश्न विचारला, त्या काळी साध्या काढ्याच्या वा जळवांच्या बाबतीत वैद्य तो विचारीत नव्हते. रोगी बरा झाला तर औषधाने झाला. मेला तर ईश्वरेच्छा! अशा हिशेबात औषध कधीच हरत नाही. वैद्यकाने स्वतःच्या अंगणात असा वकील नेमायला कसा व किती उशिरा सुरुवात केली, आणि त्याची वकिली सामान्य डॉक्टरांना शिकवता येते हे कोणाच्या ध्यानात आले, तो इतिहास येथे थोडक्यात मांडण्याचा आमचा मानस आहे.

बीज फार जुने आहे. जुन्या करारातील दानिएलाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय आपल्या परिचयाचा आहे. नबुखद्नेस्सर राजाच्या पंक्तीचे अन्न नको म्हणणारा दानिएल कारभाऱ्याला सुचवितो की, आम्हां चौघांना दहा दिवस शाकान्न व पाणी दे, आणि मग राजान्न खाणाऱ्या तरुणांच्या चेहऱ्यांशी आमचे चेहरे ताडून पाहा. वैद्यकीय चाचण्यांचा इतिहास लिहिणारे अनेकजण या प्रसंगापासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. मुदत ठरलेली, तुलनेला दुसरा गट समोर, आणि निकाल पाहणारा तिऱ्हाईत. उणीव एवढीच की कोणी काय खावे हे दानिएलाने स्वतःच ठरविले होते. ज्याच्या ठायी एवढा निग्रह आहे तो मुळातच इतरांहून सुदृढ नसेल कशावरून?

ही उणीव ओळखणारा माणूस सतराव्या शतकात भेटतो. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट हा ब्रुसेल्सचा कॅथलिक वैद्य. आपल्या लिखाणामुळे त्याला धर्मन्यायासनाच्या चौकशीलाही तोंड द्यावे लागले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली मुलाने प्रसिद्ध केला. त्यात रक्तमोक्षण करणाऱ्या वैद्यांना एक आव्हान आहे. दोनशे-पाचशे गोरगरीब तापकरी घ्यावेत, त्यांचे दोन भाग करून चिठ्ठ्या टाकाव्यात. एक भाग माझा, एक तुमचा. तुम्ही हवे तेवढे रक्त काढा, मी काढणार नाही. मग कोणाच्या वाट्याला किती प्रेतयात्रा येतात ते मोजू. पैज तीनशे फ्लोरिनांची. पैज कोणी घेतली नाही. चिठ्ठ्या टाकण्याची कल्पना मात्र कागदावर उतरली होती, आणि ती प्रत्यक्षात यायला तीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात रक्त काढणे चालूच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये ब्रूसे नावाच्या प्रख्यात वैद्याच्या मतामुळे जळवांचे असे पेव फुटले की, १८३३ या एका वर्षात त्या देशाने चार कोटींहून अधिक जळवा बाहेरून आणविल्या. त्याच पॅरिसमध्ये, संत जॉन ऑफ गॉड यांच्या अनुयायी बंधूंनी सतराव्या शतकात स्थापलेल्या 'शारिते' रुग्णालयात, पिएर लुई नावाचा एक मितभाषी डॉक्टर वर्षानुवर्षे रोग्यांच्या उशाशी बसून टिपणे करीत होता. १८३५ च्या ग्रंथात त्याने न्यूमोनियाच्या ७७ रोग्यांचा हिशेब दिला. आजाराच्या पहिल्या चार दिवसांत ज्यांचे रक्त काढले अशा ४१ जणांपैकी १८ दगावले. पाचव्या ते नवव्या दिवसांत काढले अशा ३६ जणांपैकी ९. म्हणजे 'लवकर रक्त काढा, रोगी वाचेल' या सिद्धान्ताच्या नेमके उलट.

लुईच्या आकड्यांचे आज गुणगान होते. पण त्यांनाही सैतानाच्या वकिलापुढे उभे केले पाहिजे. त्याच्या सर्वच रोग्यांचे रक्त काढले गेले होते, फरक फक्त लवकर की उशिरा एवढाच. जे अत्यवस्थ होते त्यांच्यावर घाईने उपचार झाले असतील. आणि उशिराच्या गटात येण्यासाठी तर निदान चार दिवस जगणे भागच होते. तेव्हा दोन्ही गट मुळात सारखे होते असे म्हणता येत नाही. यावर १८३७ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत मोठा वाद झाला. वैद्य रोग्याला बरे करतो, आकड्याला नव्हे, असा विरोधकांचा मुद्दा होता. तो मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पुढे त्याकडे आम्ही पुन्हा वळणार आहोत.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका रोग्याला तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा ग्रंथिज्वर म्हणजे प्लेग असल्याचे ओळखले. व्हिएगस मूळचे गोव्याचे, आपल्यापैकीच एक. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्याखालून जाणाऱ्या हजारोंना तो कोणाचा हे ठाऊक नसते. त्या साथीत वांद्र्याच्या आणि मुंबई बेटावरील जुन्या गावठाणांच्या नाक्यांवर जे क्रूस उभे राहिले त्यांपुढे आजही मेणबत्त्या लागतात. शहर रिकामे होत असताना, ऑक्टोबरमध्ये, वाल्देमार हाफकिन हा ओदेसाचा ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत आला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेल्या या माणसाने त्याआधी भारतात कॉलऱ्याची लस टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्याने प्लेगच्या जंतूंची वाढ करून, उष्णतेने ते मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी सुमारे निम्मे लस घ्यायला आपण होऊन पुढे आले, उरलेल्यांनी घेतली नाही. साऱ्यांचे अन्न एक, छप्पर एक, काम एक. पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि त्यांतले निम्मे मेले. घेतलेल्यांत दोघांना लागण झाली, दोघेही जगले. तुरुंग ही जागा क्रूर खरी, पण तुलनेसाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. तरीही येथे दानिएलाच्या गोष्टीतली उणीव पुन्हा डोके वर काढतेच. जो आपण होऊन पुढे येतो तो आणि जो मागे राहतो तो, हे दोघे सारखेच असतात काय? शिवाय टोचण्याच्या घटकेस ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता, त्यांची गणना कोणत्या रकान्यात करायची?

या शंकांना उत्तर देणारा प्रयोग पुढच्या वर्षी, १८९८ च्या फेब्रुवारीत, बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात झाला. गावात प्लेग चालू होता. हाफकिन व त्याच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना वगळले. एकाच चुलीवरचे जेवण, एकाच पडवीत निजणे, आणि तरी घराचे दोन भाग! पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांचा हिशेब असा : लस टोचलेली ७१ माणसे, त्यांपैकी ८ आजारी, ३ मृत्यू, न टोचलेली ६४ माणसे, त्यांपैकी २७ आजारी, २६ मृत्यू. आकडे इतके बोलके आहेत की त्यांवर भाष्य नको. पण त्या चौसष्टांच्या घरी बसून पाहिले तर हाच तक्ता वाचवत नाही. ज्यांना वगळले त्यांना आपण का वगळले गेलो हे नीट समजावून सांगितले गेले असेल का? त्या काळी रोग्याची संमती हा शब्द शास्त्रज्ञांच्या कोशात फारसा नव्हता. लस खरोखर उपयोगी आहे याची खात्री असती तर कोणालाच वगळणे न्याय्य नव्हते. आणि खात्री नव्हती म्हणूनच तर प्रयोग करावा लागला. हा पेच आजही प्रत्येक चाचणीच्या मुळाशी आहे. आज तो सोडविण्यासाठी नैतिक समित्या असतात, लेखी संमती असते. उंढेऱ्यात केवळ हाफकिनची सदसद्विवेकबुद्धी होती.

हाफकिनच्या नावाने ओळखली जाणारी परळची संस्था ज्या वास्तूत आहे, ती पूर्वी गव्हर्नराचा बंगला होती आणि त्याहीपूर्वी येशूसंघीयांचा मठ व प्रार्थनागृह. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली. असो.

चिठ्ठ्या टाकण्याची व्हान हेल्मॉन्टची कल्पना क्षयरोगाच्या निमित्ताने पूर्ण रूपात अवतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध इंग्लंडात अगदी थोडे उपलब्ध होते. सर्वांना पुरणे शक्यच नव्हते. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने युक्तिवाद केला की, जर थोड्यांनाच देता येणार असेल तर कोणाला द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोपविता बंद लिफाफ्यांतील यादृच्छिक आकड्यांवर सोपवावे. १९४८ साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रोगी सहा महिन्यांत दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. क्ष-किरणाची चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना कोणते चित्र कोणत्या गटाचे हे सांगितले नव्हते, कारण आशा डोळ्यांनाही फसविते. पण पाच वर्षांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांतील फरक बराच आटला होता. जंतू एकट्या औषधाला जुमानीनासे झाले होते. सहा महिन्यांचा आनंद आणि पाच वर्षांचे सत्य यांतले अंतर तेव्हा कळले, आणि क्षयाला एकापेक्षा अधिक औषधे एकदम देण्याची रीत पडली.

यापुढची पायरी मात्र मद्रासला चढली गेली, आणि जगाच्या वैद्यकीय इतिहासात भारताने घातलेली ही मोलाची भर आपल्या शालेय पुस्तकांत का नसावी, हे आम्हांस कळत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत क्षय म्हणजे सॅनेटोरियम हे समीकरण पक्के होते. मिरज, पाचगणी ही नावे घरात उच्चारली गेली की आवाज आपोआप खाली जात. रोगी वर्ष-वर्ष घराबाहेर, मागे बायकामुले उघडी, जमीन गहाण. ज्यांना खाट मिळत नसे ते तर घरीच खंगत. स्वच्छ हवा, विश्रांती, सकस अन्न यांवाचून क्षय बरा होत नाही आणि घरी ठेवलेला रोगी साऱ्या घराला रोग देतो, या दोन गोष्टी सर्वज्ञात होत्या. सर्वज्ञात, पण कोणी तपासून पाहिलेल्या नव्हत्या!

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता व वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहरातल्या दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांतील १९३ रोग्यांची चिठ्ठ्यांनुसार विभागणी झाली. एका गटाला सॅनेटोरियममध्ये खाट, विश्रांती, चांगले जेवण आणि औषधे. दुसऱ्याला तीच औषधे, पण घरी. घरच्या गटाला जेवण निकृष्ट, जागा अपुरी, आणि पुष्कळांना कष्टही चुकले नाहीत. वर्षाअखेर दोन्ही गटांत दहापैकी साधारण नऊ रोग्यांच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले होते. सॅनेटोरियमचा गट किंचित पुढे होता, पण तो फरक क्षुल्लक. त्याहून महत्त्वाचे असे की, कुटुंबीयांवर पुढे पाच वर्षे लक्ष ठेवले तेव्हा घरी उपचार घेतलेल्यांच्या मुलाबाळांत रोग अधिक पसरल्याचे दिसले नाही. संसर्ग व्हायचा तो निदान होण्यापूर्वीच झालेला असे. औषध सुरू झाल्यावर धोका झपाट्याने उतरे.

१९५९ सालच्या या निकालाने जगभरच्या सॅनेटोरियमांची दारे हळूहळू बंद झाली. मोठमोठ्या तज्ज्ञांच्या अनुभवाला खोटे ठरविणारा हा पुरावा मद्रासच्या झोपडीतून आला. एखाद्या बापाला वर्षभर घर सोडावे लागले नाही, यात त्या चाचणीचे खरे मोल आहे.

चाचण्या होऊ लागल्या, निबंध छापून येऊ लागले. पण ते वाचायचे कोणी आणि कसे? हा प्रश्न आर्ची कॉक्रेन या स्कॉटिश डॉक्टरने लावून धरला. महायुद्धात १९४१ साली क्रीट बेटावर तो जर्मनांच्या हाती सापडला आणि सॅलोनिका येथील युद्धकैद्यांच्या छावणीत डॉक्टर म्हणून काम करू लागला. उपासमारीने कैद्यांचे पाय सुजत होते. त्याने वीस कैदी निवडले, दोन खोल्यांत दहा-दहा ठेवले. एका खोलीला रोज यीस्ट, दुसरीला 'क' जीवनसत्त्व. चार दिवसांत यीस्टच्या खोलीतील बहुतेकांना बरे वाटू लागले. ते आकडे त्याने जर्मन अधिकाऱ्यांपुढे ठेवले आणि यीस्टचा पुरवठा मिळविला. पुढे आयुष्यभर तो या प्रयोगाची स्वतःच टर उडवीत असे. माणसे थोडी, काळ अपुरा, कारणमीमांसा संशयास्पद! १९७२ साली त्याने आरोग्यसेवेच्या परिणामकारकतेवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले, आणि १९७९ मध्ये सर्व वैद्यकशाखांत पुराव्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष केल्याबद्दल प्रसूतिशास्त्राला 'लाकडी चमचा' बहाल केला. शेवटच्या नंबराला देण्याचे ते इंग्रजी बक्षीस.

टोमणा झोंबला, आणि कारणही तसेच होते. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ सालीच दाखवून दिले होते की, दिवस भरण्यापूर्वी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रीला स्टेरॉइडची स्वस्त इंजेक्शने दिली तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात व पुष्कळ बाळे वाचतात. नंतर अनेक देशांत तशाच चाचण्या झाल्या. पण एकेकटी चाचणी लहान असल्याने निःसंशय कौल देईना, आणि सर्व एकत्र मांडून पाहण्याची तसदी कोणी घेईना. तशी मांडणी १९८९ च्या सुमारास झाली तेव्हा उत्तर लख्ख दिसले. मधल्या सतरा वर्षांत किती बाळे गेली असतील याचा हिशेब आम्ही मांडू धजत नाही. १९९३ साली ऑक्सफर्डमध्ये इयान चाल्मर्स यांच्या पुढाकाराने कॉक्रेनच्या नावाची जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या बोधचिन्हात याच चाचण्यांच्या रेघा कोरलेल्या आहेत.

वाचायला शिकविण्याचे काम कॅनडातील हॅमिल्टन गावच्या मॅकमास्टर विद्यापीठात झाले. डेव्हिड सॅकेट हा शिकागोचा डॉक्टर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १९६७ साली, तेथे आला. त्याच्या गटाने १९८१ मध्ये कॅनडाच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक लेखमाला चालविली. विषय होता, वैद्यकीय नियतकालिके कशी वाचावीत! डॉक्टरांना वाचायला शिकवायचे म्हणजे काय, असा प्रश्न वाचकांस पडेल. पण शिकविण्यासारखे पुष्कळ होते. गट चिठ्ठ्यांनी पाडले की मर्जीने? आरंभी दोन्ही गट सारखे होते का? जितके आत आले तितके सर्व अखेरच्या हिशेबात आहेत, की कोणी मध्येच गळाले? निकाल पाहणाऱ्याला कोणाला काय दिले हे माहीत होते का? फायदा झाला म्हणतात तो शंभरात किती जणांना? आणि सरतेशेवटी, माझ्यासमोर बसलेला रोगी त्या निबंधातल्या रोग्यांसारखा आहे का?

यांतला सर्वांत कठीण धडा असा की, मोजले काय आणि मोजायला हवे होते काय, हे वेगळे असू शकते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणाऱ्यांना मृत्यूचा धोका अधिक असतो. तेव्हा ठोके नियमित करणारी औषधे दिली की रोगी वाचेल, असे कोणालाही वाटेल. तशी औषधे अमेरिकेत सर्रास दिली जात होती, आणि ठोके खरोखरच नियमित होत होते. अखेर चाचणी झाली. १९८९ साली ती घाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण मेले आणि नुसती निरुपद्रवी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. आलेखाची रेघ सरळ झाली होती. माणूस गेला होता.

मॅकमास्टरमधील गॉर्डन गायट या तरुण सहकाऱ्याने १९९० साली या शिक्षणपद्धतीला 'शास्त्रीय वैद्यक' असे नाव सुचविले तेव्हा ज्येष्ठ मंडळी भडकली. म्हणजे आम्ही आजवर करीत होतो ते अशास्त्रीय काय? मग त्याने 'पुराव्यावर आधारलेले वैद्यक' हा शब्दप्रयोग योजला. १९९१ साली तो छापून आला आणि १९९२ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील लेखाने जगभर पसरला. लगोलग टीकाही झाली. हे तर पाककृतीच्या पुस्तकावरून वैद्यकी करणे झाले, अनुभवाला किंमतच उरली नाही, असे म्हटले गेले. १९९६ साली सॅकेट व सहकाऱ्यांनी उत्तर दिले की उत्तम पुरावा, डॉक्टरचा अनुभव आणि रोग्याची स्वतःची इच्छा व मूल्ये, या तिन्हींची सांगड म्हणजेच हे शास्त्र.

या सॅकेटविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी, नामवंत प्राध्यापक असताना, आपले रुग्णसेवेचे ज्ञान शिळे झाले असे वाटून तो पुन्हा निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षणाला बसला. आणि २००० साली त्याने एक लहानसा लेख लिहिला, त्याच्या शीर्षकात तज्ज्ञपणाची पापे आणि त्यांचे प्रायश्चित्त असे शब्द होते. तज्ज्ञाच्या शब्दाला पुराव्यापलीकडे वजन येते आणि नव्या विचारांची वाट अडते. म्हणून मी या विषयावर यापुढे लिहिणार नाही, बोलणार नाही, असे त्याने जाहीर केले व तो कॅनडातील एका तळ्याकाठी राहायला गेला. २०१५ साली तो वारला. स्वतःच्याच विरुद्ध सैतानाचा वकील उभा करणारी अशी माणसे कोणत्याही क्षेत्रात विरळाच.

पॅरिसच्या अकादमीतला आक्षेप आम्ही विसरलेलो नाही. त्याचे उत्तर कॉक्रेनच्याच आयुष्यात आहे. जर्मनीतील एका छावणीत असताना मध्यरात्री एक मरणोन्मुख सोव्हिएत कैदी त्याच्या स्वाधीन करण्यात आला. वॉर्ड भरलेला, तो तरुण वेदनेने किंचाळत होता. त्याची भाषा कोणाला येत नव्हती. कॉक्रेनने तपासले, फुप्फुसावरील आवरणाला दाह होता. वेदनाशामक म्हणून जवळ फक्त ॲस्पिरिन, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी काही न सुचून तो खाटेवर बसला आणि त्याने त्या कैद्याला कवेत घेतले. किंचाळणे तत्काळ थांबले. काही तासांनी त्या तरुणाने शांतपणे प्राण सोडला. वेदना फुप्फुसाच्या दाहाची नव्हती, एकाकीपणाची होती, असे कॉक्रेनने पुढे लिहिले, आणि चुकीच्या निदानाची लाज वाटून ही गोष्ट त्याने कित्येक वर्षे कोणाला सांगितली नव्हती. चिठ्ठ्या टाकून करायच्या चाचण्यांचा जगातला सर्वांत मोठा पुरस्कर्ता तो हाच.

हे सारे आमच्या घरांपर्यंत कसे येते, ते कोरोनाच्या साथीने दाखविले. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने कृत्रिम श्वसनावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी केले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात लोक रांगा लावून, दागिने मोडून, काळ्या बाजारात शोधीत होते ते मात्र रेमडेसिव्हिर. मृत्यू टळण्याच्या बाबतीत त्याने फारसा फरक पडत नाही, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा निष्कर्ष त्याआधी सहा महिने जाहीर झाला होता.

रक्तद्रवाची, म्हणजे प्लाझ्माची, कथा तर आपल्याच देशातली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत, महाराष्ट्रातलीही त्यांत होती, ४६४ रोग्यांवर चिठ्ठ्यांनुसार चाचणी केली. आजार बळावणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण रक्तद्रव दिलेल्यांत १९ टक्के आणि न दिलेल्यांत १८ टक्के भरले. ऑक्टोबर २०२० मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. उपचारांच्या सरकारी मार्गदर्शिकेतून रक्तद्रव वगळले गेले ते मे २०२१ मध्ये. या दोन तारखांच्या मधल्या वसंतात, अमुक रक्तगटाचा, नुकताच बरा झालेला दाता तातडीने हवा आहे, अशी विनवणी करणारे संदेश आमच्या धर्मग्रामांच्या मोबाइल गटांवर रात्री-अपरात्री येत होते, आणि तरुण मुले मोटारसायकली काढून दात्यांना रक्तपेढीवर नेत होती.